मिठाच्या पाण्याची पट्टी

ताप हा आजार नाही, हे वाक्य मी लोकांच्या घरात उभी राहून इतक्या वेळा म्हटलंय की आता ते तोंडातून आपोआप पडतं. त्यानंतर लोक ज्या नजरेनं बघतात, तीही मला पाठ झाली आहे. समोर खाटेवर माणूस फणफणलेला असतो, घरातल्यांच्या डोळ्यांत पाणी असतं, आणि ही ज्वरकेंद्रातली पोरगी सांगते की ताप हा आजार नाही. पूर्वीचे दिवस असते तर मला उंबऱ्याच्या आतसुद्धा घेतलं नसतं.

पण विषमज्वरावरची शेवटची गोळी लागू पडेनाशी झाली आणि पूर्वीचे दिवस संपले. जंतू औषधांना सरावले होते. साधा दोन आठवड्यांचा टायफॉइड, जो माझ्या लहानपणी लोक दूध-भात खाऊन अंगावर काढत, तो पुन्हा माणसं न्यायला लागला. आमच्या इचलकरंजीत माग चालायचे, पण मागावर माणसं कमी दिसायची. मग जुन्या, टाकून दिलेल्या ज्ञानाकडे शास्त्रज्ञ परत वळले. अंगात ताप का येतो, हा प्रश्न त्यांनी नव्यानं विचारला.

मेंदूच्या तळाशी बदामाएवढा एक भाग असतो. अंग किती गरम ठेवायचं, हे तो ठरवतो. एरवी त्याची रेघ सदतीस अंशांवर असते. जंतू शिरले की रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्याला निरोप धाडतात आणि तो ती रेघ वर सरकवतो. अंग अजून सदतीसलाच असतं, रेघ मात्र एकोणचाळीसवर गेलेली असते. म्हणून भर उन्हाळ्यात माणूस गोधडीखाली कुडकुडतो. हे सगळं शरीर मुद्दाम करतं. चाळिसाच्या आसपास जंतूंची वाढ मंदावते आणि पांढऱ्या पेशी चपळ होतात. शंभर वर्षं आपण गोळ्या देऊन ती रेघ खाली ओढत राहिलो, कारण जंतू मारायला दुसरी औषधं हाताशी होती. ती संपल्यावर उरला तो फक्त ताप.

ज्वरपेटी त्यातून निघाली. दिसायला दोन शेगड्यांच्या गॅसएवढी, तिला नळ्यांचं जाकीट जोडलेलं. आधी एक इंजेक्शन द्यायचं, त्यानं मेंदूतली रेघ चाळीसच्या थोडी वर जाऊन बसते. आजारानं खंगलेल्या शरीराला तिथवर चढण्याचं बळ नसतं, म्हणून जाकिटातून गरम पाणी फिरवायचं. औषधाचा अंमल असेपर्यंत घाम येत नाही. कपाळावर एक गोल बटण चिकटवायचं. ते आतलं तापमान मोजतं आणि त्याप्रमाणे पेटी पाणी कमी-जास्त गरम करते. एका बैठकीला चार तास लागतात, आणि एक दिवसाआड अशा तीन बैठका. चाळीसला माणूस वाचतो. बेचाळिसाच्या पुढे गेला की मेंदूतली प्रथिनं उकडलेल्या अंड्यासारखी घट्ट होऊ लागतात, आणि ती पुन्हा पातळ होत नाहीत.

दवाखान्यातल्या पेटीला बटणाखेरीज घशात सोडायची एक तारही होती. घरोघरी न्यायच्या पेटीतून कंपनीनं ती काढून टाकली, कारण लोक ती उपसून काढत. राहिलं ते कपाळावरचं बटण. त्याला सगळे टिकली म्हणायचे.

माझा धाकटा भाऊ विराज मागांचा जॉबर होता. माग बिघडला की तो दुरुस्त करणारा. त्याला हा ताप आला तेव्हा मी केंद्रात पेट्या चालवायचं काम करून चांगली मुरले होते. माझ्या हातून बरी झालेली माणसं रस्त्यात थांबवून मला पेढे द्यायची. त्यामुळे घरातच पेटी आणायची वेळ आली तेव्हा मी घाबरले नाही. उलट थोडा तोराच होता, खोटं कशाला बोलू.

टिकली लावताना विराज म्हणाला, "अक्का, टिकली लावालीसच तर हिरव्या बांगड्या पण भर."

"गप पड. तापात बडबडू नकोस."

"अजून कुठं चढलाय ताप?"

आई दारात उभी राहून बघत होती. वडील गेल्यापासून तिनं आम्हा दोघांना एकटीनं वाढवलं, आणि तिचं डॉक्टरी ज्ञान एका पितळी वाडग्यात मावत असे. वाडग्यात गार पाणी, त्यात चिमूटभर मीठ, आणि मागावरून आणलेल्या पातळ मलमलीच्या पट्ट्या. आम्हाला ताप आला की ती उशाशी बसायची, पट्टी पिळायची, कपाळावर ठेवायची, कोमट झाली की दुसरी. तिचा तळवा कपाळावर आला की आम्हाला बरं वाटायला लागायचं. त्यात किती वाटा मिठाचा आणि किती तिच्या हाताचा, हे मी शास्त्र शिकल्यावरही मला सांगता आलं नसतं.

पहिल्या बैठकीला विराजचे दात वाजायला लागले तेव्हा ती पुढे आली. "एक पट्टी ठेवू काय गं? नुसती कपाळावर?"

"आई, हात लावायचा नाही. चार तास कुणीच हात लावायचा नाही."

"आगं, पण किती तापलंय बघ की."

"तापायलाच पाहिजे. मला कळतं माझं काम."

ती मागे सरली. बैठक नीट पार पडली. दुसऱ्या दिवशी विराजनं बऱ्याच दिवसांनी मऊ भात मागून खाल्ला. आईनं देवापुढे साखर ठेवली, आणि मग थोडी पेटीपुढेही ठेवली. मी हसले.

दुसऱ्या बैठकीच्या दिवशी दुपारी मागच्या गल्लीत माझी आणखी एक पेटी चालू होती. माणसं कमी, म्हणून एकीनं जवळजवळच्या दोन पेट्या सांभाळायच्या असा नियमच होता. विराजचं तापमान चाळीसवर स्थिर झालेलं बघून मी तिकडे गेले. तिथल्या म्हाताऱ्याला उलटी झाली, त्याला कुशीवर वळवण्यात, बिछाना आवरण्यात वेळ गेला. आमच्या घराच्या पायऱ्या चढत होते तेव्हा आतून पेटीची शिट्टी ऐकू आली.

मी धावले. आई खाटेपासून दोन पावलं लांब उभी होती, दोन्ही हात पदराखाली. पेटीवरचे आकडे माझ्या डोळ्यांदेखत चढत होते. एक्केचाळीस, साडेएक्केचाळीस, बेचाळीस. असं कधी होत नाही. अंगाचं तापमान चढायला वेळ लागतो, ते असं उड्या मारत नाही. विराजचे डोळे उघडे होते, पण तो आमच्याकडे बघत नव्हता. त्याचं अंग ताठ झालं आणि मग त्याला झटके यायला लागले. मी जाकीट उपसून काढलं. आतलं पाणी इतकं गरम होतं की माझी बोटं पोळली. काखेत थर्मामीटर लावला, त्यानं बेचाळीसच्या वरचा आकडा दाखवला.

आम्ही त्याच्यावर बादल्या ओतल्या. रुग्णवाहिका आली. दवाखान्यात बर्फ झाला, सलाईन झालं. तिसऱ्या दिवशी विराज गेला. त्या तीन दिवसांत त्यानं मला ओळखलं नाही.

पेटी परत न्यायला केंद्रातला माणूस आला तेव्हा मी ती पुसून दिली. टिकलीच्या कडेला पांढरी भुकटी चिकटली होती, वाळलेली. मी ती नखानं खरवडली. काय आहे ते माझ्या ध्यानात आलं नाही. डोकं जागेवरच नव्हतं.

घरी बायका भेटायला येत होत्या. आई भिंतीला टेकून बसलेली असायची. ती सगळ्यांना एकच सांगत होती: पेटीनं खाल्लं माझ्या पोराला. सांगताना ती माझ्याकडे बघायची नाही, पण बाकीच्या बघायच्या. मी चहाचे कप गोळा करायची. मला ते चालत होतं. कुणाला तरी दोष द्यायचा तर तो मला आणि पेटीलाच द्यायला हवा, असंच मीही धरून चालले होते. फक्त पेटीचं चुकलं काय, ते काही केल्या सापडत नव्हतं.

मग एका दुपारी शेजारच्या काकू उठता उठता म्हणाल्या, "शेवटी तू जवळ होतीस बघ त्याच्या, तेवढं तरी झालं."

"व्हय," आई म्हणाली. रडून तिचा आवाज बसला होता, पण त्या वेळी तिच्या चेहऱ्यावर कुठेतरी समाधान दिसलं. "ही नको म्हणत हुती. पण ही गेली तवा मी पट्ट्या ठेवल्या त्याच्या कपाळावर. चार-पाच बार बदलल्या. तेवढाच गारवा लागला माझ्या लेकराला. न्हाईतर तसंच गेलं असतं पोळत."

माझ्या हातात कपांचा ट्रे होता. तो मी खाली ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिले. पांढरी भुकटी मिठाची होती. ओली गार पट्टी टिकलीवर बसली, टिकली गार झाली. पेटीला वाटलं, अंग उतरतंय, म्हणून तिनं पाणी तापवलं. आईनं पट्टी बदलली, पेटीनं आणखी तापवलं. आई जितकी माया करत गेली तितका विराज आतून शिजत गेला. माझी पावलं वाजल्यावर तिनं पट्टी पदराखाली लपवली, आणि टिकलीला खरं अंग लागलं तेव्हा कुठे पेटी ओरडली.

मी परत जाऊन ट्रे उचलला आणि कप विसळायला घेतले. आईला सांगायचं काय होतं? तिच्याजवळ आता तेवढा एक गारवाच उरला होता.

दुसऱ्या दिवशी केंद्रप्रमुख डॉ. हेर्लेकरांनी बोलावून घेतलं. माणूस वाईट नाही. त्यांनी आधी पाणी दिलं, मग दार लोटून घेतलं.

"प्रणोती, मला हे बोलायला बरं वाटत नाही. पेटी तपासली. दोष सापडत नाही. पण 'कारण अज्ञात' असं कळवलं तर कंपनी जिल्ह्यातल्या सगळ्या पेट्या बंद करेल. रांगेत किती लोक आहेत ते तू बघतेस."

"मग काय कळवायचं?"

"टिकली सैल बसली होती असं कळवू. तुझ्या हातून. घरचा माणूस होता, मन थाऱ्यावर नव्हतं, कुणीही समजून घेईल. महिनाभर घरी बस, मग परत ये."

मी हो म्हटलं. त्यांनाही आश्चर्य वाटलं असेल, इतक्या चटकन म्हटलं. माझ्या दृष्टीनं ती सुटकाच होती. पेट्या चालू राहणार, माणसं वाचणार, आई मला जन्मभर शिव्या देणार आणि तिच्या हातांना काही डाग लागणार नाही. परत येताना मला बऱ्याच दिवसांनी भूक लागली.

वाटेत दिलशाद पेटी चालवत होती ते घर लागलं. दिलशाद मुजावर माझ्याबरोबरच पेट्या चालवायला शिकली. त्या घरात एका कारखानदाराची मुलगी आजारी होती, शाळेत शिकवणारी, पंचविशीतली. मी सहज डोकावले. दिलशाद पेटीपाशी बसून होती. मुलीचा बाप, चांगला धिप्पाड गृहस्थ, खाटेच्या कडेला अवघडून उभा होता. त्याच्या खांद्यावर टॉवेल होता, आणि टॉवेलातून पाणी ठिबकून त्याचा सदरा भिजला होता.

"काका," मी म्हटलं, "टॉवेल ओला कशाला?"

"घाम पुसायला."

"औषध आहे तोवर घाम येत नाही, काका."

त्यानं मान खाली घातली. "ती डोळं पांढरं करालीया वो. बघवंना झालंय. म्हटलं, बाई चहाला उठल्या की जरा..."

तेव्हा मला कळलं की वाडगा फक्त आमच्याच घरात नव्हता. तो प्रत्येक घरात होता. कुठे ओट्यावर झाकून ठेवलेला, कुठे खाटेखाली, कुठे खांद्यावर. मी ज्या ज्या घरात ताप हा आजार नाही असं ऐटीत सांगून आले, त्या त्या घरात कुणीतरी माझी पाठ वळायची वाट बघत बसलं होतं. एखाद्या पट्टीनं थोडाच फरक पडत असेल, म्हणून माणसं निभावून गेली. सगळी निभावून गेली का, हेही आता मला खात्रीनं सांगता येईना.

मी त्याच्या खांद्यावरचा टॉवेल घेतला. "दिलशाद, आकडा बघ," म्हटलं, आणि ओलं टोक मुलीच्या टिकलीवर दाबून धरलं. चाळीस होते ते एकोणचाळीस झाले, मग अडतीस. पेटी घुमायला लागली. जाकिटाच्या नळ्या थरथरल्या. मी टॉवेल काढून घेतला, टिकली कोरडी केली. आकडा उड्या मारत वर गेला.

दिलशाद माझ्याकडे बघत राहिली. "विराजला..."

"हो."

"कुणी?"

मी टॉवेल पिळून बाजूला ठेवला. ती आमच्या घरी जेवलेली होती, आईला ओळखत होती. तिनं पुन्हा विचारलं नाही.

"सगळ्यांना फोन लाव," मी म्हटलं. "जिथं जिथं पेटी चालू आहे तिथं. आत्ता. मी सरांना सांगते."

डॉक्टरांना मी फोनवरच सगळं सांगितलं. त्यांनी टॉवेल लावल्यावरचे आकडे पुन्हा एकदा विचारून घेतले. मग म्हणाले, "उद्या सकाळी रिक्षावर कर्णा लावून गल्लीगल्लीत सांगावं लागेल. ओलं कापड का लावायचं नाही, काय झालं ते. नाव नाही घेणार आपण."

"नाव घ्यायची गरजच नाही, सर," मी म्हटलं. आमच्या गल्लीत कुणाला कळायचं राहणार होतं? आणि आईला ते कर्ण्यावरून कळू द्यायचं नसेल तर माझ्याकडे तेवढीच संध्याकाळ होती.

मी घरी आले तेव्हा आई मागच्या अंगणात दोरीवरच्या पट्ट्या काढत होती. स्वच्छ धुतलेल्या, वाळलेल्या. एकेक पट्टी मांडीवर सरळ करून ती घडी घालत होती.

"ह्या टाकायच्या न्हाईत," ती म्हणाली. "त्याच्या कपाळाला शेवटचं लागलेलं कापड हाय."

मी तिच्याजवळ जमिनीवर बसले. सांगायचं कसं याची मी वाटभर जुळवाजुळव केली होती, ती सगळी विसरले. सरळ सांगितलं. टिकली काय करते, पेटीला काय वाटतं, पट्टी ठेवल्यावर पाणी का तापतं. दिलशादच्या तिथे काय बघितलं ते सांगितलं. मी सांगत असताना तिचे हात चालूच होते. एक पट्टी, दुसरी पट्टी. मग थांबले.

"म्हंजे गार केलं म्हणून तापलं," ती म्हणाली.

"हो."

"मी केलं."

"आई, तुला काय माहीत होतं? पेटी करणाऱ्यांनी विचार करायला हवा होता. ती तार काढायला नको होती. मी..."

"तू सांगितलं न्हाईस."

"हात लावू नको म्हटलं होतं मी."

"ते सांगितलंस," आई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोसला असता. "हात लावू नको, एवढंच सांगितलंस. का, ते न्हाई सांगितलंस. मला वाटलं, तुला घाई हाय. शिकलेली माणसं असंच म्हणत्यात, आन् आई करायचं ते करती."

मला रडू फुटलं. तिला फुटलं नाही. तिनं घडी घातलेल्या पट्ट्या उचलल्या, न्हाणीघराच्या चुलीत घातल्या आणि त्या जळेपर्यंत तिथे उभी राहिली. मग मला म्हणाली, "उद्या सांगताना सगळ्यास्नी आधी का ते सांगा."

सकाळी रिक्षा आली. कर्णा आमच्या दारासमोरूनच ओरडत गेला. आईनं दार लावून घेतलं नाही. ती उंबऱ्यात उभी राहून शेवटपर्यंत ऐकत होती, आणि गल्लीतल्या बायका आपापल्या दारातून तिच्याकडे बघत होत्या.

त्यानंतर पेट्या बदलल्या. घशातली तार परत आली, एकीच्या हाती दोन पेट्या द्यायचंही बंद झालं. मी कामावर परत गेले. आता कुठल्याही घरात गेले की ताप हा आजार नाही, हे वाक्य मी म्हणत नाही. खाली बसते, वाडगा कुठे ठेवलाय ते विचारते, आणि टिकलीवर पट्टी धरून आकडा दाखवते. वेळ लागतो. लागू दे. ती शाळेतली मुलगी बरी झाली. तिचे वडील पेढे घेऊन आले, मी घेतले नाहीत.

या पावसाळ्यात मला ताप आला. साधा, सर्दीचा. मी अंथरुणात पडून होते, अंग दुखत होतं, आणि लहान मुलासारखं मला एकच हवंसं वाटत होतं. आई दाराशी आली. कर्णा गेला त्या दिवसापासून तिनं कुणाच्या कपाळाला हात लावलेला मी बघितला नव्हता. शेजारचं पोर तापानं फणफणलं म्हणून तिला हाक मारली, तेव्हाही ती लांबूनच बघून आली होती.

"लई हाय काय गं?" तिनं विचारलं.

"नाही. साधा आहे. आई, एक पट्टी ठेव ना."

ती हलली नाही.

"पेटी नाही, काही नाही," मी म्हटलं. "टिकली नाही. बघ, कपाळ रिकामं आहे. साध्या तापाला पट्टी चालते, मी सांगते ना. का चालते तेही सांगू?"

"नको," ती म्हणाली.

मग माझ्या शब्दाखातर ती आत गेली. वाडग्यात पाणी घेतल्याचा आवाज आला, मिठाचा डबा उघडल्याचा आवाज आला. रुमाल फाडून केलेली पट्टी पिळून घेऊन ती आली आणि माझ्या उशाशी बसली. मी डोळे मिटले आणि वाट बघत राहिले. बाहेर माग चालू होते. पट्टीतलं पाणी तिच्या मनगटावरून माझ्या उशीवर टपटपत होतं, मग तेही थांबलं. मी डोळे उघडले तेव्हा तिचा हात माझ्या कपाळाच्या वर तसाच धरलेला होता, टेकायचा राहिलेला.

मला केव्हा झोप लागली कळलं नाही. जाग आली तेव्हा ती तिथेच बसली होती, आणि पट्टी तिच्या हातातच वाळली होती.